लिनक्सवर यूएसबी वाय-फाय डोंगल सुरू करताना

१४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने थांबली. त्यानंतर साताऱ्यात माझ्या ओळखीच्या ज्या घरांत जुने डेस्कटॉप उत्तम चालत होते, पण विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हते, तिथे एकेक करून लिनक्स मिंट किंवा उबुंटू आले. संगणक पुन्हा चपळ झाला म्हणून घरातली मंडळी खूश होतात आणि मग लक्षात येते की डेस्कटॉपला वाय-फाय मुळातच नाही, राउटर खालच्या मजल्यावर आहे आणि पोवई नाक्यावरून आणलेले यूएसबी डोंगल खोचले तरी नेटवर्कची यादी रिकामीच राहते. 'हे लिनक्सवर चालत नाही' असे म्हणून डोंगल खणात टाकून दिले जाते. मी अशी बरीच डोंगले खणातून बाहेर काढून सुरू करून दिली आहेत आणि जवळजवळ प्रत्येक वेळी चूक एकच होती : ड्रायव्हरचा, म्हणजे डोंगल चालवणाऱ्या प्रोग्रामचा, शोध डब्यावरच्या कंपनीच्या नावाने घेतला होता. डोंगल चालणार की नाही, आणि चालणार असेल तर कोणत्या मार्गाने, हे डब्यावरचे नाव ठरवत नाही, आतली चिप ठरवते. म्हणून हा लेख चिप ओळखण्यापासून सुरू होतो आणि पुढची प्रत्येक पायरी तिच्याच आधाराने टाकतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. टर्मिनलमध्ये द्यायच्या आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या इंग्रजी लहान अक्षरांत, इंग्रजी अंक वापरून टाइप करायच्या आहेत. 'एलएसयूएसबी' असे वाचले की ती पाच इंग्रजी अक्षरे सलग टाइप करावीत. जिथे मोठे अक्षर आवश्यक आहे तिथे तसे वेगळे सांगितले आहे. मिंट, उबुंटू आणि डेबियन या तिन्हींना लागू पडेल असेच सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

तात्पुरत्या इंटरनेटची सोय

वाय-फाय सुरू करण्यासाठी एखादे पॅकेज उतरवावे लागते आणि ते उतरवण्यासाठी इंटरनेट लागते, या पेचात नवखा माणूस हमखास अडकतो. यावर सर्वांत सोपा उपाय खिशातच असतो. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने संगणकाला जोडावा, फोनच्या सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंगच्या पानावर जाऊन 'यूएसबी टेदरिंग' चालू करावे. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यातल्या प्रोग्राममध्ये, यासाठी लागणारा ड्रायव्हर आधीपासूनच असतो, त्यामुळे काही क्षणांत संगणकाला तारेने जोडलेले नेटवर्क मिळाल्यासारखे दिसते. फोन त्या वेळी घरच्या वाय-फायला जोडलेला असेल तर बहुतेक फोन तेच वाय-फाय केबलमधून पुढे देतात, म्हणजे मोबाइलचा डेटाही खर्च होत नाही. काही केबली फक्त चार्जिंगपुरत्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतात. टेदरिंगचा पर्याय फिका दिसून दाबताच येत नसेल तर आधी केबल बदलून पाहावी.

चिप ओळखणे

डोंगल काढून ठेवावे, टर्मिनल उघडावे आणि 'एलएसयूएसबी' ही आज्ञा द्यावी. यूएसबीला जोडलेल्या वस्तूंची यादी येईल : माउस, कीबोर्ड, वेबकॅम. आता डोंगल खोचून पाच सेकंदांनी तीच आज्ञा पुन्हा द्यावी. यादीत जी ओळ नव्याने आली, ती आपली. ओळ अशी दिसते : बस ००१, डिव्हाइस ००४, आयडी ०बीडीए:८१७९, आणि पुढे कंपनीचे व चिपचे नाव. ते नाव कधी संदिग्ध असते, कधी नसतेच. पण मधला आयडी मात्र नेहमी असतो आणि तोच महत्त्वाचा. अपूर्णविरामाच्या आधीची चार चिन्हे बनवणाऱ्याची, नंतरची चार त्या वस्तूची. ०बीडीए म्हणजे रिअलटेक, १४८एफ म्हणजे रॅलिंक, ०ई८डी म्हणजे मीडियाटेक, २३५७ म्हणजे टीपी-लिंक. हा आयडी कागदावर उतरवून घ्यावा. इंटरनेटवर शोध घेताना डब्यावरचे नाव न लिहिता हा आयडी आणि त्यापुढे लिनक्स हा शब्द लिहावा. उत्तर फार लवकर सापडते.

डब्यावरच्या नावावर का विसंबू नये, याचे सर्वांत ठळक उदाहरण टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या डोंगलचे आहे. याच्या पहिल्या आवृत्तीत अॅथेरॉसची एआर९२७१ ही चिप होती, जी लिनक्समध्ये खोचताच चालते, आणि म्हणून या डोंगलची कीर्ती झाली. दुसऱ्या व तिसऱ्या आवृत्तीत त्याच नावाखाली रिअलटेकची आरटीएल८१८८ईयूएस ही अगदी वेगळी चिप आली. डब्याच्या तोंडावरचे नाव तेच राहिले. फरक फक्त डोंगलवरच्या लेबलवर, बारीक अक्षरांतल्या आवृत्तीच्या क्रमांकात दिसतो. जुना लेख वाचून नवे डोंगल विकत घेणाऱ्यांची यात निराशा झाली आणि दोष लिनक्सला लागला.

एलएसयूएसबीच्या यादीत नवी ओळ आलीच नाही, तर प्रश्न ड्रायव्हरचा नाही, जोडणीचा आहे. डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचे पोर्ट आतल्या सैल वायरवर असतात. मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टमध्ये खोचून पाहावे. तिथेही ओळ आली नाही आणि दुसऱ्या संगणकावरही तेच घडले, तर डोंगल बिघडलेले आहे. ते दुकानात परत द्यावे आणि त्यावर आणखी एक संध्याकाळ घालवू नये.

डोंगल सीडी असल्याचे भासवते तेव्हा

आमच्या वाड्यात माडीवर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी एक मुलगी राहते. तिच्या संगणकात डोंगल खोचले की स्क्रीनवर सीडीचे चिन्ह यायचे, ते उघडले की आत विंडोजसाठीची एक इन्स्टॉलर फाइल दिसायची, आणि वाय-फायचा पत्ता नसायचा. तिने दोन दिवस ती फाइल लिनक्सवर चालवण्याच्या खटाटोपात घालवले होते. एलएसयूएसबीमध्ये आयडी पाहिला तो ०बीडीए:१ए२बी, आणि उलगडा झाला. अनेक स्वस्त डोंगले विंडोजच्या सोयीसाठी, खोचल्यावर आधी एक छोटी सीडी असल्याचे भासवतात. त्या सीडीतून ड्रायव्हर बसवला की मग डोंगल आपले खरे रूप घेते. लिनक्सला त्या सीडीतल्या फाइलची गरज नाही. फाइल मॅनेजरमध्ये त्या सीडीच्या चिन्हावर उजवे बटण दाबून 'इजेक्ट' करावे. आम्ही इतकेच केले. डोंगलचा दिवा क्षणभर विझून पुन्हा लागला आणि एलएसयूएसबीने या वेळी वेगळा आयडी दाखवला, ०बीडीए:सी८११, म्हणजे रिअलटेकची ८८११सीयू चिप.

इजेक्टने काम झाले नाही तर 'सुडो एपीटी इन्स्टॉल' आणि पुढे पॅकेजचे नाव अशा आज्ञेने 'यूएसबी-मोडस्विच' हे पॅकेज बसवावे आणि 'सुडो यूएसबी_मोडस्विच -के -व्ही ०बीडीए -पी १ए२बी' ही आज्ञा द्यावी. यातला 'के' मोठ्या लिपीत लिहायचा, 'व्ही' आणि 'पी' लहान. पॅकेजच्या नावात मध्ये आडवी रेघ आहे आणि आज्ञेच्या नावात तळरेघ आहे, एवढे ध्यानात ठेवावे. हे पॅकेज बसवले की पुष्कळ डोंगलांच्या बाबतीत हे रूपांतर पुढच्या वेळेपासून आपोआप होते.

ड्रायव्हर लागला आहे का

'एलएसयूएसबी -टी' अशी आज्ञा दिली की तीच यादी झाडाच्या फांद्यांसारखी दिसते आणि प्रत्येक ओळीत 'ड्रायव्हर' या शब्दापुढे बरोबरचे चिन्ह (=) असते. डोंगलच्या ओळीत तिथे एखादे नाव असेल, उदाहरणार्थ एमटी७६०१यू किंवा आरटीएल८एक्सएक्सएक्सयू, तर कर्नलने त्याला ओळखले आहे. तिथे यूएसबी-स्टोरेज असेल तर डोंगल अजून सीडीच्याच रूपात आहे. जागा रिकामी असेल किंवा 'नन' असेल, तर त्या चिपसाठी आपल्या कर्नलमध्ये ड्रायव्हर नाही. या एका ओळीमुळे किती वेळ वाचतो, हे ती न पाहता तासन्‌तास चाचपडलेल्या माणसालाच कळेल.

आता 'यूनेम -आर' या आज्ञेने कर्नलची आवृत्ती पाहावी, कारण ड्रायव्हर कर्नलबरोबर येतात आणि नवी चिप जुन्या कर्नलला ठाऊक नसते. मीडियाटेकच्या एमटी७६०१यू चिपचा ड्रायव्हर २०१५ सालच्या ४.२ कर्नलपासून आहे, एमटी७६१२यूचा ४.१९ पासून, आणि वाय-फाय ६ देणाऱ्या एमटी७९२१एयूचा ५.१८ पासून. रिअलटेकचे मात्र उशिरा जमले : ८८११सीयू आणि ८८१२बीयू या चिपा ६.२ कर्नलपासून, म्हणजे २०२३ पासून, कर्नलच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर चालतात, आणि बाजारात सर्वत्र दिसणारी ८८१२एयू ही चिप असेल तर ६.१४ किंवा त्यापुढचा कर्नल घ्यावा. म्हणूनच रिअलटेकविषयी तीन-चार वर्षांपूर्वी लिहिलेला सल्ला आज जसाच्या तसा पाळू नये.

माडीवरच्या त्या संगणकात मिंट २१ होते आणि त्याचा कर्नल ५.१५. तिच्या ८८११सीयू चिपला तो पुरेसा नव्हता. मिंटमध्ये अपडेट मॅनेजर उघडून, 'व्ह्यू' या मेनूतून 'लिनक्स कर्नल्स' निवडले की उपलब्ध आवृत्त्यांची यादी येते, तिथून ६.८ बसवला, संगणक पुन्हा सुरू केला, आणि वाय-फायची यादी भरून आली. बाहेरचा कोणताही ड्रायव्हर उतरवावा लागला नाही. नवखा माणूस कर्नल बदलायला घाबरतो, पण जुना कर्नल तसाच शिल्लक राहतो आणि काही बिनसले तर संगणक सुरू होताना 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून तो निवडता येतो. त्यामुळे कोणा अनोळखी माणसाची स्क्रिप्ट चालवण्यापेक्षा नवा कर्नल घेणे हाच मार्ग मी आधी सुचवतो.

फर्मवेअर नसेल तर

ड्रायव्हर लागलेला दिसतो, तरीही नेटवर्क दिसत नाही, अशा वेळी 'सुडो डीएमईएसजी' ही आज्ञा देऊन शेवटच्या वीस-पंचवीस ओळी वाचाव्यात. त्यात फर्मवेअर हा शब्द, एखाद्या फाइलचे नाव आणि उणे दोन हा आकडा दिसला, तर अर्थ सरळ आहे : चिपला सुरू होताना जी फाइल द्यावी लागते ती संगणकात सापडली नाही. उबुंटू आणि मिंटमध्ये 'लिनक्स-फर्मवेअर' हे पॅकेज बहुधा आधीच असते, म्हणून तिथे ही अडचण क्वचितच येते. डेबियनमध्ये मात्र १२ व्या आवृत्तीच्या आधी असे फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये नसे. जुने डेबियन असेल तर पॅकेजांच्या स्रोतांमध्ये 'नॉन-फ्री' हा विभाग जोडून रिअलटेकसाठी 'फर्मवेअर-रिअलटेक' आणि मीडियाटेक व रॅलिंकसाठी 'फर्मवेअर-मिस्क-नॉनफ्री' ही पॅकेजे बसवावीत, डोंगल काढून पुन्हा खोचावे.

बाहेरचा ड्रायव्हर घ्यायचाच असेल तर

काही कारणाने कर्नल बदलता येत नसेल, किंवा चिप अजून कर्नलमध्ये आलीच नसेल, तर बाहेरचा ड्रायव्हर स्वतःच्या संगणकावर बांधून घ्यावा लागतो. त्यासाठी 'सुडो एपीटी इन्स्टॉल' या आज्ञेने 'डीकेएमएस', 'बिल्ड-एसेन्शियल', 'गिट' आणि आपल्या कर्नलचे 'लिनक्स-हेडर्स' हे पॅकेज आधी बसवावे. डीकेएमएसचा आग्रह धरावा, कारण साध्या पद्धतीने बांधलेला ड्रायव्हर फक्त त्या दिवशीच्या कर्नलपुरता असतो आणि पुढचे अपडेट आले की वाय-फाय एका सकाळी अचानक नाहीसे होते. डीकेएमएस प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधते. ड्रायव्हरचा कोड घेताना तो कधी शेवटचा बदलला आहे हे पाहावे. अनेक वर्षे हात न लागलेला कोड नव्या कर्नलवर बांधताना चुकांच्या ओळीच्या ओळी येतात आणि त्या नवख्याने सोडवायच्या नसतात.

ड्रायव्हर नीट बांधला गेला पण लोड होताना 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असा संदेश आला, तर सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेला ड्रायव्हर अडवणारी सुरक्षेची सोय, चालू आहे असे समजावे. 'एमओकेयूटिल --एसबी-स्टेट' ही आज्ञा ते स्पष्ट सांगते. उबुंटू आणि मिंटमध्ये डीकेएमएसचा ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगितला जातो. संगणक पुन्हा सुरू झाला की निळा पडदा येतो, तिथे 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. घाईत हा पडदा ओलांडून गेलात तर ड्रायव्हर लागत नाही आणि कारणही कळत नाही. सिक्युअर बूट बंद करणे हा दुसरा मार्ग आहे, पण पडद्यावर दोन मिनिटे देऊन काम होत असेल तर तो बंद करू नये असे माझे मत आहे.

जोडणी

इथपर्यंत आल्यावर 'आरएफकिल लिस्ट' ही आज्ञा एकदा द्यावी. 'सॉफ्ट ब्लॉक्ड'पुढे 'येस' असेल तर 'सुडो आरएफकिल अनब्लॉक वायफाय' देऊन अडथळा काढता येतो. मग 'एनएमसीएलआय डिव्हाइस स्टेटस' पाहावे. यूएसबी डोंगलचे नाव पुष्कळदा डब्ल्यूएलएक्स या तीन अक्षरांनी सुरू होऊन पुढे बारा चिन्हांचे असते; ते लांबलचक नाव म्हणजे बिघाड नव्हे, त्यात डोंगलचा मॅक पत्ता, म्हणजे त्याचा स्वतःचा ओळखक्रमांक, असतो. त्यापुढे 'डिसकनेक्टेड' लिहिलेले असेल तर सर्व ठीक आहे, फक्त जोडायचे बाकी आहे. पॅनेलमधल्या नेटवर्कच्या चिन्हावरून घरचे वाय-फाय निवडून पासवर्ड द्यावा.

शेजारच्यांची सगळी नेटवर्क दिसतात आणि आपलेच दिसत नाही, असे झाले तर राउटर कोणत्या चॅनेलवर आहे ते पाहावे. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये १ ते १३ चॅनेल वापरता येतात, पण संगणकाला आपला देश ठाऊक नसेल तर तो १२ आणि १३ वर मोकळेपणाने शोध घेत नाही. 'आयडब्ल्यू रेग गेट' या आज्ञेत देशापुढे दोन शून्ये दिसली तर 'सुडो आयडब्ल्यू रेग सेट आयएन' द्यावे. शेवटची दोन अक्षरे मोठी. राउटरचे चॅनेल १, ६ किंवा ११ वर ठेवले तरी हाच प्रश्न सुटतो. राउटर ५ गिगाहर्ट्‌झचे नेटवर्क वेगळ्या नावाने देत असेल आणि डोंगल फक्त २.४ चे असेल, तर ते नाव दिसणारच नाही, हेही लक्षात असू द्यावे.

जोडले जाते पण टिकत नाही

दर काही मिनिटांनी वाय-फाय तुटत असेल तर पहिला संशय वीजबचतीवर घ्यावा. उबुंटू व मिंटमध्ये 'ईटीसी' फोल्डरमधील 'नेटवर्क मॅनेजर'च्या 'कॉन्फ.डी' फोल्डरात 'डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन.कॉन्फ' नावाची फाइल असते. तिच्यात 'वायफाय.पॉवरसेव्ह'पुढे ३ हा आकडा आहे. तो २ करावा आणि संगणक पुन्हा सुरू करावा. २ म्हणजे बचत बंद. डेस्कटॉपला वीजबचतीचा तसा उपयोगही नसतो.

दुसरे कारण कोणाच्या चटकन ध्यानात येत नाही. यूएसबी ३ ची निळी पोर्ट आणि त्यांना लावलेली हार्ड डिस्क २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास विद्युतचुंबकीय गोंगाट करतात. इंटेलने २०१२ साली यावर सविस्तर टिपण प्रसिद्ध केले होते. नखाएवढे डोंगल अशा पोर्टला चिकटून बसले की त्याला राउटरचा आवाज नीट ऐकूच येत नाही. काळ्या, म्हणजे यूएसबी २ च्या पोर्टमध्ये हलवणे हा पहिला उपाय.

माडीवरच्या त्या खोलीत याखेरीज भिंतीचाही प्रश्न होता. आमच्याकडच्या जुन्या वाड्यांच्या भिंती हातभर रुंदीच्या, दगड-विटांच्या आणि मातीने भरलेल्या आहेत, आणि संगणकाचे कपाट नेमके जिन्याकडच्या भिंतीला टेकून होते. डोंगल मागच्या पोर्टमध्ये, म्हणजे भिंत आणि लोखंडी पेटी यांच्या मधल्या चार बोटांच्या फटीत. 'एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट' या आज्ञेत सिग्नलचा आकडा शंभरपैकी ३० च्या घरात येत होता. दीड मीटरची यूएसबी एक्स्टेंशन केबल लावून डोंगल चौकाकडे उघडणाऱ्या खिडकीच्या लाकडी चौकटीला सुतळीने बांधले, तेव्हा तोच आकडा ७० च्या पुढे गेला. राउटर चौकाच्या पलीकडच्या सोप्यात आहे, आणि आता मध्ये भिंत नव्हती, मोकळी हवा होती. अशी केबल घेताना ती एक-दोन मीटरचीच घ्यावी. यूएसबी २ च्या केबलची कमाल लांबी ५ मीटर मानलेली आहे, आणि स्वस्त केबलमध्ये त्याच्या कितीतरी आधीच डोंगलला वीज कमी पडून ते मधूनच एलएसयूएसबीच्या यादीतून नाहीसे होऊ लागते.